मंगळवार बाप्यांचा

पॅरिसला जायचा रस्ता सदूला ठाऊक नव्हता, पण पॅरिसात घराबाहेर पडायचं तर आधी कागद भरावा लागतो, हे पक्कं ठाऊक होतं.

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावर सतरा घरांची वाडी. तिथला हा सदू, साठी गाठलेला, झुपकेदार मिशांचा, चार म्हशींचा धनी. आता दारात चार म्हशी असल्यावर माणसानं म्हशींकडं बघावं की नाही? पण करोना आला आणि ह्याचं सगळं लक्ष जगाकडं गेलं.

त्याला कारण यशराज. हा सदूचा पुतण्या, परदेशी बोटीवर खानसामा. दोन हजार वीसच्या मार्चात त्याची बोट अडकली ती अडकलीच. या बंदरातून त्या बंदरात, पण कुणी उतरू देईना. कंटाळलेला गडी फोनवर बोलून काकाला निरोप धाडायचा, कुठल्या देशात काय बंद नि कुठं काय चालू. वाडीत फोनला रेंज एकाच जागी, देवळामागच्या कातळावर. सदू रोज संध्याकाळी त्या कातळावर चढायचा आणि खाली यायचा तो जगाची खबर घेऊन.

"इटलीत लोक गॅलरीत उभे राहून गाणी म्हणतायत," तो सांगायचा. "आणि स्वीडनमध्ये तर हाटेलंसुद्धा चालू हायत."

वाडीनं त्याचं नाव परराष्ट्रमंत्री ठेवलं. ठेवलं चेष्टेनंच, पण गावात दक्षता समिती नेमायची वेळ आली तेव्हा अध्यक्ष म्हणून तोच उभा राहिला, कारण बाकीच्यांना ते झेंगट नको होतं. आपल्याकडं पुढारी होतात ते असेच.

अध्यक्ष झाल्यावर सदूनं एकेक देश वाडीत आणायला सुरुवात केली. पहिला आला फ्रान्स. घराबाहेर पडण्याआधी कुठं जाणार, कशाला जाणार, ते चिठ्ठीवर लिहायचं. तो देश दोन दिवस टिकला, कारण चालणारं पेन वाडीत एकच होतं आणि ते सदूच्या खिशात होतं. मग आला स्पेन. तिथं म्हणे कुत्रं फिरवायला बाहेर पडता येतं. इथं सदूनं नेम केला, की जनावर सोबत असेल त्यानंच बाहेर पडावं. वाडीत दोनच घरं बिनजनावरांची. त्या दोघांनी मिळून रायबाची शेळी मागून घेतली. ती बिचारी दिवसातून सहा वेळा डोंगर फिरून यायची. आठवड्यात तिच्या बरगड्या दिसायला लागल्या, तेव्हा रायबानं स्वतःच स्पेन बंद पाडला.

टिकला तो पनामा. एक दिवस बाया बाहेर, एक दिवस बाप्ये. सोमवार, बुधवार, शुक्रवार बायांचे; मंगळवार, गुरुवार, शनिवार बाप्यांचे. रविवारी तिथं कुणीच बाहेर पडत नाही म्हणे, पण जनावरांना रविवार कळत नाही, म्हणून वाडीनं तो वार मोकळा सोडला. नेम झाला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि पहिल्याच मंगळवारी सकाळी बाप्यांच्या ध्यानात आलं, की झऱ्यावरून पाणी आज आपल्याला आणायचंय. मे महिना होता, झऱ्याला धार करंगळीएवढी. डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणारे बाप्ये बघायला बाया उंबऱ्यात बसल्या. रायबाची बायको चिमाबाई म्हणाली, "कुठला गो हा देश? त्याचं भलं होवो." त्या दिवसापासून वाडीतली एकही बाई पनामाविरुद्ध अवाक्षर ऐकून घेईना.

आणखी तीन नेम सदूचे स्वतःचे होते. घराबाहेर तोंडावर मास्क हवाच. बाहेरगावाहून येईल त्यानं चौदा दिवस शाळेत राहायचं. आणि शाळेतली वस्तू बाहेर काढायची नाही. जो हात लावील तोही चौदा दिवस आत. "माझा बाप सरगातून उतरला तरी त्याला शाळेतच बसवीन," असं तो चारचौघांत बोलला होता.

बाप काही उतरला नाही. बायको चढून आली.

प्रयागबाई मार्चात बिरवाडीला गेली होती, लेकीच्या बाळंतपणाला. जावई एमआयडीसीत कामाला, तिथं खोली घेऊन राहिलेला. लेक रूपाली बाळंत झाली, मुलगी झाली, आणि प्रयागबाई टाळेबंदीत तिकडंच अडकली. दोन महिन्यांनी कसाबसा पास मिळाला, तशी ती जावयाच्या मोटरसायकलवर डोंगराच्या पायथ्याशी उतरली नि बोचकं डोक्यावर घेऊन चढण चढली. वाडीच्या तोंडाशी काट्यांची वई घातलेली, वईआड नवरा उभा.

दोन महिने करपलेली भाकर खाल्लेला माणूस तो. वाटलं, काटे बाजूला करावे आणि म्हणावं, ये गो. पण मागं रायबा काठी घेऊन पहाऱ्याला उभा, आणि त्याच्या मागं सतरा घरं कान देऊन.

"शाळेत," सदू म्हणाला. "चौदा दिवस."

प्रयागबाई रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "चांदी व्यायला झालीय. बघा म्हंजे झालं." आणि शाळेकडं चालू लागली.

चांदी म्हणजे त्यांची म्हैस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. बाकीच्या तिघी आटल्या होत्या. घराची सगळी भिस्त हिच्यावर. आणि चांदीची खोड सगळ्या वाडीला ठाऊक. दोन वेतं झाली, प्रयागबाईच्या हाताशिवाय तिनं पान्हा सोडला नव्हता.

सोमवारी पहाटे चांदी व्याली. रेडकू धट्टंकट्टं, पण पिऊन पिऊन पिणार किती? दिवस वर आला तशी कास तटतटली. सदू बादली घेऊन बसला. पहिल्या लाथेत बादली गेली, दुसरीत सदू. त्यानं पेंड घातली, पाठ खाजवली, गोड बोलून पाहिलं. म्हैस मान वळवून दाराकडं बघे. दुपारी चिमाबाई आली, वार बायांचाच होता. तिनं सडाला हात लावला आणि लगेच उठली.

"कास दगडासारखी झालीय," ती म्हणाली. "असाच दोन दिवस चीक आत राह्यला तर सड जातील. म्हस उभ्या जन्माची निकामी."

"डॉक्टरला बोलवतो पोलादपुरातून."

"त्यालाबी चौदा दिवस शाळेत बसवणार काय?"

चिमाबाई शाळेच्या खिडकीशी जाऊन विचारून आली. प्रयागबाईनं निरोप दिला होता, माझं लुगडं नेसून बसा. यात नवल काही नव्हतं. घरधनीण आजारी पडली की वाडीतल्या बाप्यांनी असं केलेलंच आहे. सदूनं ट्रंकेतलं लुगडं काढलं, नेसला, पदर घेतला. चांदीनं नाक पुढं केलं, हुंगलं, आणि शिंग मारलं. लुगड्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. अंगावरचंच लुगडं हवं होतं, आणि ते शाळेत होतं.

ती रात्र सदू गोठ्यातच बसून राहिला. चांदी पाय बदलत कण्हत होती. इतके देश पाठ होते, पण म्हशीनं पान्हा चोरला तर काय करावं, ते एकाही देशानं यशराजला सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी तो शाळेकडं निघाला. जाताना उजळ माथ्यानं गेला, वार बाप्यांचाच होता. खिडकीत प्रयागबाई तांदूळ निवडत बसली होती.

"पाच दिवसांनी आलात," ती म्हणाली.

"समितीचं काम असतंय." सदू इकडंतिकडं बघत म्हणाला. "तुझं अंगावरचं लुगडं दे. कालचं, न धुतलेलं."

"शाळेतली वस्तू बाहेर जात नाय ना?"

"म्हस मरंल गो."

प्रयागबाईनं दांडीवरचं हिरवं लुगडं काढलं नि गजांतून बाहेर सोडलं. मग थांबली. "आणि?"

"आणि काय?"

"काय नाय," ती म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

आता हे लुगडं घरी न्यायचं कसं? काखोटीला मारून न्यावं, तर वाटेत रायबा विचारणार, हे काय, कुठून आणलं. सदूनं डोकं चालवलं. डोकं त्याचं अशा वेळी फारच चालतं. शाळेमागच्या आंब्याआड जाऊन तो लुगडं नेसला, पदर कपाळावर ओढला, मास्कात मिशा झाकल्या. खाली बघत जाणाऱ्या बाईकडं कोण कशाला बघतोय?

एरवी कुणी बघितलं नसतं. पण वार मंगळवार होता.

"ए बाय," रायबानं काठी आडवी घातली. "आज कुणाचा वार?"

सदूनं चाल वाढवली.

"अगो थांब. आज बाप्यांचा वार. आमी मर्द माणसं हंडे वाहून मरतोय आणि तू फिरतीयस होय? कुणाची तू?"

पदर आणखी खाली ओढावा म्हणून सदूनं हात वर केला, आणि रायबाला मनगटावरचं घड्याळ दिसलं. ते घड्याळ यशराजनं धाडलेलं, सदूनं सगळ्या वाडीला दोनदोनदा दाखवलेलं. रायबानं काठी खाली टेकवली.

"मंत्रीसाहेब," तो म्हणाला, "हा कुठला देश?"

झऱ्यावरून येणारे बाप्ये हंडे डोक्यावर घेऊन थांबले. बाया उंबऱ्यात आल्या. बाहेर पडणं नेमात नव्हतं, पण उंबऱ्यात उभं राहायला कुणाची बंदी नव्हती. सदूनं पदर मागं सारला. तोंड लालबुंद झालेलं. त्यानं सगळं खरं सांगून टाकलं. म्हैस, कास, शिंग, खिडकी.

हसून हसून एकाचा हंडा कलंडला. रायबा मात्र हसला नाही, त्याला शेळीच्या बरगड्या आठवत असाव्यात. "शाळेतल्या वस्तूला हात लावला," तो म्हणाला. "वस्तू तर अंगावरच हाय. अध्यक्ष, नेम काय सांगतोय?"

"चौदा दिवस," सदू म्हणाला. आवाज खोल गेलेला. "मी जातो. तो नेम माझा हाय, मी मोडणार नाय. पण माझ्या चांदीचं काय रे? तिचं कुणी करायचं?"

हे ऐकून मग कुणी हसलं नाही. वाडीत म्हैस जाणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

तेव्हा चिमाबाई उंबऱ्यातूनच बोलली. "माणसाला शाळेतून बाहेर यायची बंदी हाय. म्हशीला शाळेत जायची बंदी कुठल्या देशात हाय?"

सदूनं विचार केला. इटली आठवून बघितली, फ्रान्स, स्पेन, पनामा, स्वीडन सगळे आठवून बघितले. "कुठंच नाय," तो म्हणाला. दोन दिवस अक्कल कुठं चरायला गेली होती, ते त्याचं त्यालाच कळेना.

चांदीला दावं लावून शाळेकडं वळवलं, मागं रेडकू. वळणावर वास लागला की काय कोण जाणे, ती जी हंबरली ती ओढतच निघाली. शाळेच्या आवारात प्रयागबाई मास्क लावून पाटावर बसली. तिनं कासेवरून नुसता हात फिरवला, "आली गो माझी बाय," म्हणाली, आणि बादलीत पिवळ्याधमक चिकाची धार वाजली. आवाराबाहेर लांब उभे राहिलेले बाप्ये चुळबुळायला लागले. चीक म्हणजे खरवस. शाळेतली वस्तू बाहेर काढायची नाही हे खरं, पण उकळलेलं, उकडलेलं चालत असावं, असं रायबाचंच मत पडलं. तो घरून भांडं घेऊन आला.

संध्याकाळी सदू शाळेच्या ओसरीच्या एका टोकाला बसला होता, प्रयागबाई दुसऱ्या टोकाला, मधे दोन वर्गांची लांबी. शाळेत फोनला रेंज नव्हती. आवारात चांदी शांत रवंथ करत होती. प्रयागबाईनं खरवसाची वाटी आणि ताजी भाकर मधे आणून ठेवली आणि आपल्या जागी परत गेली. सदूनं मास्क खाली सारून भाकरीचा घास घेतला. करपलेली नव्हती. दोन महिन्यांत आपल्याला हिची किती आठवण आली, हे सांगावं असं त्याला फार वाटलं, पण तोंडातून भलतंच आलं.

"यशराजची बोट आता कुठं असंल?"

प्रयागबाईनं बादली पुढ्यात ओढली.

"रूपालीनं तुमाला फोन केला," ती म्हणाली. "मुलगी झाली म्हणून सांगितलं पोरीनं. तुमी तिला इटली सांगितलीत. मी वईशी आले, तुमी चौदा दिवस सांगितलेत. आज खिडकीशी आलात, लुगडं मागितलंत. आवो, सगळ्या देशांची खबर हाय तुमच्याकडं. नात कुणासारखी हाय, ते एकदा तरी विचारलंत?"

सदूनं हातातला घास खाली ठेवला आणि मास्क वर ओढला. इतकी लाज त्याला सकाळी लुगड्यातही वाटली नव्हती. बिरवाडी इथून दिसत नाही, पण डोंगराच्या पायथ्यापासून मोटरसायकलवर सहज जाता येण्याजोगी. तेवढाच मुलूख त्याच्याकडून राहून गेला होता.

"चुकलं गो," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "कुणासारखी हाय?"

"चौदा दिवस हायत की. सांगीन."

"आता सांग."

प्रयागबाईनं बादली पुसली, पालथी घातली, चांदीच्या रेडकाकडं एकदा बघितलं.

"डोळे रूपालीचे हायत," ती शेवटी म्हणाली. "नाक मातर तुमचं घेतलंय बिचारीनं."

सदूनं मास्क खाली ओढला आणि स्वतःच्या नाकावरून हळूच बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला आता पदरही नव्हता.

"मास्क वर घ्या," ओसरीच्या त्या टोकाहून प्रयागबाई म्हणाली. "नेम तुमचाच हाय."