उलट्या आट्यांचा हत्ती

मंगळवारी आजीचा डावा हात मोडला. बाथरूममध्ये पाय घसरला, इतकंच. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर बसलं. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. आजीकडे सहा दिवस होते.

सोमवारी नातीच्या टॉन्सिलचं ऑपरेशन होतं. नात सहा वर्षांची, सगळे तिला पिटू म्हणत. तिने एकच अट घातली होती: हत्ती बरोबर असेल तरच ती दवाखान्यात पाऊल टाकेल. दुकानातला हत्ती चालणार नव्हता. तिला तोकड्या झालेल्या टी-शर्टांचा, आजीने विणलेलाच हवा होता. टी-शर्ट तिने स्वतः निवडून दिले. आजीने ते गोलगोल कापून लांबच लांब पट्ट्या काढल्या आणि क्रोशाच्या जाड सुईने विणायला घेतलं. हात मोडला तेव्हा डोकं पुरं आणि पोट निम्मं झालं होतं.

"उरलेला मी करतो," आजोबा म्हणाले.

"तुम्ही? शर्टाचं बटण लावता येत नाही तुम्हाला."

"येतं. तू लावू देत नाहीस."

आजोबा चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर होते. बुधवारी त्यांनी उरलेल्या हिरव्या पट्टीवर हात बसवला. संध्याकाळी एक चेंडू तयार झाला. आजीने तो बोटांनी दाबून पाहिला. तो दबला नाही.

"हत्ती करायचाय," ती म्हणाली. "नट नव्हे."

गुरुवारी त्यांनी हत्ती हातात घेतला. दहा टाके घातले आणि थांबले. आजीची वीण बाहेरून गुळगुळीत होती. यांच्या टाक्यांची मात्र खरखरीत पाठ वर आली होती, आणि ते भलत्याच दिशेला चालले होते. आजोबांनी चष्मा पुसला, हत्ती उलटसुलट केला आणि एकदम हसले.

"अगं, हे तर उलटे आटे आहेत!"

"म्हणजे?"

"बोल्ट उजवीकडे फिरवला की आवळतो. काही मुद्दाम उलटे करतात, ते डावीकडे आवळतात. तू डावखुरी, तुझी वीण डावीकडून फिरते. चाळीस वर्षं हे या घरात चाललंय आणि मला पत्ता नाही."

"पेपरातून मान वर केली असती तर लागला असता."

आजोबांनी डाव्या हाताने करून पाहिलं. सुई चार वेळा खाली पडली.

"उसवा सगळं," आजी म्हणाली. "तुमच्या हाताने पहिल्यापासून करा."

त्यांनी टोक ओढलं. जिथे दोन पट्ट्या जोडल्या होत्या तिथे विरलेलं कापड फाटलं आणि तुकडाच हातात आला. असंच उसवत गेलं तर पट्टीचे तुकडेच होणार होते, आणि हत्तीच्या करड्या रंगाचा दुसरा टी-शर्ट नव्हता.

आजीने हत्ती आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "सांगते मी पिटूला. आजीला नाही जमलं म्हणून."

हे वाक्य तिच्या तोंडून आजोबांनी कधी ऐकलं नव्हतं. ते तिच्याकडे बघत राहिले. तिच्या उजव्या हाताने सवयीने हत्तीचं पोट धरलं होतं, पट्टी बोटाभोवती गुंडाळून घेतली होती. त्या हाताला काहीच झालं नव्हतं.

"सरक जरा," ते म्हणाले.

ते तिच्या डाव्या बाजूला, सोफ्यावर अगदी चिकटून बसले. आपला उजवा हात त्यांनी तिच्या प्लास्टरखालून पुढे काढला. तिचा डावा हात जिथे असता, नेमकी तिथे आता सुई आली.

"तू धर. मी ओढतो."

पहिली फेरी पुरी व्हायला तास लागला.

"सैल सोडा. आवळू नका."

"सोडतोय."

"हात हलतोय तुमचा."

"तू हसतेस म्हणून हलतोय."

शुक्रवारी संध्याकाळी त्यांची मुलगी, पिटूची आई, डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. "बाबा, हे काय चाललंय?"

"काम," आजोबा मान न वळवता म्हणाले. "चहा टाक."

शनिवारी पोट पुरं झालं. त्यात जुन्या मोज्यांचे धुवून वाळवलेले तुकडे भरले. पाय, कान आणि सोंड वेगळी विणायची होती, तिथे दिशेचा प्रश्न नव्हता. ती आजोबांनी एकट्याने केली. रविवारी आजीने सांगितलं तसे त्यांनी दोऱ्याचे डोळे भरले.

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या लांब कॉरिडॉरमध्ये पिटूने हत्ती तपासला. आधी सोंड, मग कान. मग तिचं बोट पोटावर थांबलं. आजोबांनी जिथून सुरुवात केली होती तिथे टाके आवळले गेले होते आणि पोट पट्टा बांधल्यासारखं आत गेलं होतं. आजी-आजोबांनी एकमेकांकडे पाहिलं. बोल्टांची हकिकत सांगायला आजोबांनी घसा खाकरला.

"याने पोट आत घेतलंय," पिटू म्हणाली.

"का गं?" आजीने विचारलं.

"घाबरलाय. श्वास धरून बसलाय."

तेवढ्यात नर्स चाकांची खाट ढकलत आली. "चला राणीसाहेब, निघायचं?"

पिटू जागची हलली नाही. तिची आई काही बोलणार, तेवढ्यात आजीने तिला डोळ्यांनी गप्प केलं.

"मी त्याला सांगितलंय, दुखणार नाही म्हणून," पिटू नर्सला म्हणाली. "पण त्याला माझं खरं वाटत नाही. तुम्ही सांगा."

नर्सने खाली वाकून हत्तीचा कान हातात धरला. आधी झोप येईल, असं तिने त्याला सांगितलं. जाग आल्यावर घसा थोडा दुखेल, पण थंडगार आइस्क्रीम मिळेल. आई दाराबाहेरच असेल, कुठेही जाणार नाही. पिटू तोंड उघडं टाकून शब्द न् शब्द ऐकत होती.

"कळलं का रे?" तिने हत्तीला विचारलं. मग त्याला काखेत मारून ती स्वतःच खाटेवर चढली.