पंधरावे नाव

“चौदा नावं आहेत,” यादीवर पेन्सिल टेकवून रणपिसे वकीलबाई म्हणाल्या, “आणि मघाशी दोरावर मी पंधरा माणसं मोजली. पंधरावा काय हवेत तरंगत होता?”

मी हसण्याचा यत्न केला. त्या हसल्या नाहीत.

सन दोन हजार चारचा तो सुमार. खराडीच्या बाजूस संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती एकामागून एक उभ्या राहत होत्या, आणि दोरावर लोंबकळत त्या काचा धुण्याचा माझा व्यवसायही त्यांच्याबरोबर वाढत होता. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी करारनामा हाती आला की घाम फुटे. म्हणून खडकीच्या दीपाली रणपिसे यांना मी महिन्याच्या मेहनतान्यावर नेमले होते. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या येत आणि करार, विमा, फाटकाचे पास, सर्व तपाशीत. एकही खटला नसताना मी वकील बाळगतो, याची आमच्या नात्यात मोठी थट्टा होई. माझे मेहुणे हिंमतराव तर चारचौघांत विचारीत, “काय दाजी, ताप नाही तरी डॉक्टर उशाशी?”

“पंधरावा माझा थोरला चुलतभाऊ आहे, मॅडम,” मी म्हणालो. “कोंडीराम. घरचाच माणूस.”

“घरची माणसं खाली पडत नाहीत का?”

“तसं नव्हे. पण थोरल्या भावाचं नाव कामगार म्हणून कसं लिहायचं? मालक म्हणून मी, आणि नोकर म्हणून दादा?”

ही सबब नव्हती. माझे वडील लवकर निवर्तले, तदनंतर दादाच्याच घरी मी लहानाचा मोठा झालो. धायरीच्या विहिरींत दोर सोडून उतरण्यास त्यानेच मला शिकविले, आणि ज्या विद्येवर माझा व्यवसाय उभा होता ती विद्या मूळची त्याची होती. नेमणुकीचा कागद मी एकदा त्याच्यापुढे ठेवला होता. तेव्हा तो म्हणाला, “मी तुझा गडी हाय का रं? भावाभावात कागद कशाला?” ते ऐकून मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला. कागद मी परत घेतला.

“मग त्यांना आत कोण सोडतं?” वकीलबाईंनी विचारले.

“आमचा कचरू मोठ्या रजेवर गेलाय, म्हणून या यादीत त्याचं नाव नाही. त्याचा पास दाखवतो दादा.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “माझे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, धोंडिबा. आत जाताना रोज खिसे तपासायचे, काडेपेटीसाठी. चोवीस वर्षांत त्यांच्या खिशात एकदाही सापडली नाही. म्हणून काय कुणी तपासणी बंद केली? सोमवारपर्यंत यांचं नाव विम्यात घाला आणि पास स्वतःच्या नावाचा काढा. तोवर त्यांना दोरावर चढवू नका. हे मी लिहून देते, नाहीतर तुम्ही चहात विरघळवाल.”

त्यांनी खरोखरच लिहून दिले. तो कागद मी घडी करून खणात ठेवला. दादाची समजूत कशी घालावी, या विचारात सोमवार गेला. त्या पुढचाही गेला.

नंतरच्या गुरुवारी कठड्याच्या धारेवर दोर घासून तुटला, आणि दादा दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. जीव वाचला, कमरेचे हाड मोडले.

रुग्णालयात कंपनीचे अनिरुद्ध साहेब माझ्याआधी पोचले होते. इमारतींची देखभाल त्यांच्याकडे होती, आणि आणखी तीन इमारतींचा माझा करार त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला होता.

“धोंडिबा, ह्या माणसाचं नाव लिस्टमध्ये नाही. तुमचा वर्कर आहे का हा?”

मी म्हणालो, “नाही साहेब. माझा भाऊ आहे. मला भेटायला आला होता.”

त्यातील ‘माझा भाऊ आहे’ एवढे खरे होते. त्याच्याच आडोशाने बाकीचे इतक्या सहज मुखातून बाहेर पडले.

“मग ह्याच्या खिशात कचरूचा पास कसा?”

उत्तर स्ट्रेचरवरून आले.

“म्या उचलला त्यो पास,” दादा म्हणाला. “धोंडिबाला ठावं न्हाई.”

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्याची पत्नी मालनबाई, माझी वहिनी, त्याच्या चपला हाती धरून भिंतीशी उभी होती. तिने पाहिले. साहेबांनी ते लिहून घेतले, आणि मी त्यांना लिहू दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आला. दुसऱ्याचा पास चोरून कंपनीत शिरल्याबद्दल त्याला दादाचा जबाब घ्यावयाचा होता. तेव्हा कोठे मी वकीलबाईंना फोन केला. आणि पहिले वाक्य काय बोललो, ते लिहिताना आजही मान खाली जाते.

“मॅडम, मागची तारीख घालून दादाचं नाव यादीत चढवता येईल का?”

“येईल की. त्यासाठी दुसरा वकील बघा.” मग त्यांचा स्वर उतरला. “ऐका. यादीत नसले तरी कायद्यानं ते तुमचेच कामगार आहेत. उपचार, भरपाई, सगळा त्यांचा हक्क आहे. फक्त तुम्ही तसं म्हणायला हवं. आत्ता ते चोर ठरलेत, ते तुमच्यामुळे.”

“करार जाईल, मॅडम.”

“जाईलच. तो वाचवायचा दिवस सोमवार होता.”

मी स्वहस्ते लिहिले: कोंडीराम हा माझा कामगार असून, कचरूचा पास मीच त्यास दिला. ‘कामगार’ या शब्दाशी हात थांबला होता. खणातील कागदही सोबत जोडण्यास बाईंनी सांगितले. तो मी जोडला. “मी सांगितलं होतं,” असे त्या तेव्हाही म्हणाल्या नाहीत, नंतरही नाहीत. मला वाचविण्याची खटपट त्यांनी केली नाही. खरे बोलताना मात्र मला कोठे अडखळू दिले नाही.

दादावरील आळ मिटला. माझे करार गेले. ज्या चौदा जणांची नावे यादीत होती, तेही हळूहळू दुसरीकडे कामास लागले. वर्षभराने भरपाईचा हुकूम झाला, तेव्हा त्याची प्रत घेऊन मी धायरीस गेलो.

दादा खाटेवर होता. “ये,” म्हणाला. त्याच्या पायथ्याशी मी टेकणार, तोच वहिनी म्हणाली, “थांबा.”

लहानपणी माझे नाक पुसणारी, आजवर मला ‘अरे-तुरे’ करणारी ती बाई. ती शेजारच्या घरी गेली, प्लास्टिकची एक खुर्ची मागून आणली, पदराने पुसली आणि मजपुढे ठेवली.

“बसा.”

मी बसलो. दादाने हुकूम उशाखाली सारला आणि पावसापाण्याचे विचारले. वहिनी माझ्यासमोर जमिनीवर बसून मेथी निवडू लागली. त्या घरात मी आजवर कधी खुर्चीवर बसलो नव्हतो. पाय नेमके तिच्याकडे होत होते, आणि ते कोठे ठेवावेत, मला समजेना.