पाण्याचं काय केलं?

ऊर्मीचं डोकं त्या बुधवारी ठिकाणावर नव्हतं, आणि का असावं? शुक्रवारी कमिटीपुढे उभं राहायचं होतं. सांगायचं काय, तर सहा महिने लंडनमध्ये चर्चच्या बेसमेंटात बाराजणींना राजमा उकळायला शिकवला आणि फरक शून्य! लंडन म्हणजे राणीचं नव्हे हो, ऑन्टॅरिओतलं. बर्फ शोव्हल करून कंबर जाते ते.

बाराजणी एल साल्वादोर नाहीतर कोलंबियातून आलेल्या. कुणी ऑफिसं साफ करायची, कुणी ग्रीनहाउसमध्ये राबायची. किडन्या थकलेल्या आणि फॅमिली डॉक्टर मिळायची मारामार. अशा किडन्यांना पोटॅशियम झेपत नाही. राजम्यातलं पोटॅशियम उकळताना बरंचसं पाण्यात उतरतं, ते पाणी गेलं की पुष्कळ काम झालं. दर आठवड्याला फॉर्मवर 'भरपूर पाण्यात उकळून निथळलं का?' यापुढे बाराहीजणी इमानेइतबारे टिक करायच्या. रक्ताचे रिपोर्ट मात्र जिथल्या तिथे!

"फरक दिसला नाही तर क्लास बंद," असं प्रोजेक्टचे प्रमुख हेमचंद्र सर स्वच्छ बोलले होते. ऊर्मीचा जीव तुटत होता तो रोसारिओसाठी. अडुसष्ट वर्षांची ही बाई, क्लासला येताना लिपस्टिक लावून यायची आणि ऊर्मीला 'मिहा' म्हणायची, म्हणजे माझी लेक. तिचं पोटॅशियम पाच पूर्णांक नऊ, हवं पाचाच्या आसपास. क्लास बंद झाला तर तिच्याकडे बघणार कोण?

त्यात बुधवारी बर्फामुळे मदतनीस आली नाही. मग ऊर्मीनं साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंना, सीमाताईंना, गाडीत घातलं.

"अहो आई, फक्त राजमा निथळायचा. बाकी कशाला हात लावू नका," असं बजावून ती पार्किंग लॉट साफ करायला वर गेली.

वीस मिनिटांनी परतली तर जिन्यातच फोडणीचा वास! आणि कशाचा म्हणता? गोड्या मसाल्याचा. सीमाताई पर्समध्ये पासपोर्ट ठेवायला एकवेळ विसरतील, मसाल्याची पुडी नाही. खाली मोठ्या पातेल्यात आमटी रटरटत होती, बाराजणी वाट्या घेऊन रांगेत, आणि रोसारिओ तर पहिला घोट घ्यायच्या बेतात.

"थांबा! नो! कुणी तोंडाला लावू नका!" ऊर्मी बूट न काढताच धावली.

"अगं, ओरडतेस काय?" सीमाताई डाव परजून म्हणाल्या. "एवढं सोन्यासारखं पाणी! कट कुणी टाकून देतं का? पुरणाच्या डाळीचा चालतो, मग राजम्यानं काय घोडं मारलंय?"

ऊर्मीनं कपाळाला हात लावला. मग बायकांकडे वळून आपल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, की तुम्हाला नको असलेलं सगळं या पाण्यातच आहे.

रोसारिओनं वाटी हळूच खाली ठेवली. "मग मी घरी रोज पिते तो कालदो?"

"कसला कालदो?"

"राजम्याच्या पाण्याचं सूप, मिहा. तू म्हणालीस निथळ. मी निथळते. दुसऱ्या पातेल्यात."

"आणि टाकत नाहीस?"

"अन्न? टाकायचं?" रोसारिओनं असं बघितलं की ऊर्मीलाच लाज वाटली.

"आणखी कोण कोण पितं?" तिनं विचारलं. एक हात वर झाला. मग तीन. मग बारा. तेराव्या हातात डाव होता.

ऊर्मी मटकन जमिनीवर बसली आणि खो खो हसत सुटली. हसता हसता रडू आलं, रडता रडता पुन्हा हसू. होळीला कट सांडला असता तर तिच्या स्वतःच्या आईनं तिला जेवायला वाढलं नसतं. आणि पोषणशास्त्रात पीएचडी करून हिला हे सुचू नये! अगं बाई, सहा महिने! सगळ्याजणी खरं तेच सांगत होत्या. निथळलेलं पाणी जातं कुठे, हे कुणी विचारलंच नव्हतं.

तिनं तिथूनच सरांना फोन लावला. सर ऐकत राहिले. "बारा?" "बाराही, सर." मग पलीकडून हसण्याचा असा गडगडाट झाला की बायका स्टोव्हकडे बघायला लागल्या. शुक्रवारी कमिटीनं तीन महिने वाढवून दिले आणि फॉर्मवर एक नवा प्रश्न आला: पाण्याचं काय केलं?

बेसमेंटातलं ते बुधवारचं पातेलं मात्र सिंकमध्ये ओतायला कुणी धजेना. शेवटी सीमाताईंनीच ते डब्यांत भरून घरी आणलं. घरात धडधाकट किडन्यांची चार माणसं होती. तीन दिवस आमटी ओरपली.

जूनमध्ये रिपोर्ट आले. बारातल्या दहाजणींचे आकडे उतरले होते. रोसारिओचं पोटॅशियम चार पूर्णांक आठ! ऊर्मी लॅबच्या कॉरिडॉरमध्ये अक्षरशः नाचली. मग रोसारिओचे तेरा आठवड्यांचे फॉर्म काढून बसली. नव्या प्रश्नापुढे तिनं पहिल्या आठवड्यात लिहिलं होतं, "टाकलं. रडले." दुसऱ्यात, "टाकलं. डोळे मिटून." आणि शेवटच्या आठवड्यात, "टाकलं. सीमाला सांगू नका."