तक्कोचं साल

दिक्को दह्यानं भरलेला वाळका भोपळा मांडीवर हिंदकळवत बसली होती आणि समोर चटईवर तिची भाची हाब्सातू बोलत होती. लोणी केव्हाच वर आलं होतं, तरी दिक्कोचा हात थांबत नव्हता. हात थांबला की उत्तर द्यावं लागलं असतं.

हाब्सातू सकाळच्या नावेनं आपल्या गावाहून आली होती. ओढणीच्या गाठीतून तिनं मेलेल्या आईचा डूल काढून चटईवर ठेवला. चार पात्यांचा, पिळाचा, मूठभर सोन्याचा डूल. वर कानात जायच्या जागी लाल सुताचे वेढे. अजून बारा दिवसांनी तिचं लग्न होतं. सासर मोप्ती शहरात. असलं धूड घालून बाजारात गेलं तर चोर कानासकट नेतील, असं तिचं म्हणणं. आणि एकच डूल कुणी घालतं का? बुकारी सोनाराकडून मोडून घेतला तर दोन्ही कानांपुरती लहानशी जोडी होईल. डूल तिचाच होता, पण मावशीच्या होकाराशिवाय तो आगीत घालायला तिचा जीव धजत नव्हता.

“मोड की,” दिक्को शेवटी म्हणाली. “तुझा मोड, आन् माझा ऱ्हाऊ दे रांडाव.”

हाब्सातूनं मान खाली घातली. मावशीच्या जिभेला काटे असतात आणि पोटात साय असते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

डूल जोडीचे होते, दिक्कोच्या आईचे. आईला चार मुली झाल्या. मधल्या दोघी, नाव तोंडात रुळायच्या आतच गेल्या. थोरली दिक्को आणि शेंडेफळ तक्को, म्हणजे हाब्सातूची आई, एवढ्या उरल्या. मरताना म्हातारीनं डावा डूल दिक्कोला दिला, उजवा तक्कोला. शेजारणी म्हणाल्या, म्हातारीला भ्रम झाला. बैलाची जोडी आणि डुलांची जोडी कुणी फोडतं का? म्हातारी म्हणाली, “म्हनून तर फोडली. येकलीला घालताच यायचं न्हाई. घालायचं तर हिला तिच्या दारात जावंच लागंल.”

आणि तसंच झालं. दोघींच्या गावांमध्ये नावेची अर्ध्या दिवसाची वाट. दूरच्या चराईवरून गायी नदी उतरून घरी येतात त्या दिवशी सारा काठ बायकांच्या सोन्यानं लखलखायचा, आणि त्या दिवशी एक साल दिक्को दोन्ही डूल घालायची, एक साल तक्को. वीस वर्षं हे चाललं. कधी चुकलं नाही.

चुकलं ते गेल्या वर्षी. साल तक्कोचं होतं. पण दिक्कोचा मुलगा हम्मा तीन वर्षांनी कळप घेऊन परतत होता. पोरानं पाण्यातूनच आईला सोन्यात बघावं, अशी दिक्कोला हौस. ती धाकटीच्या दारी जाऊन म्हणाली, एवढं साल मला दे, तू पुढची दोन सलग घे. तक्को हसली. “घे की, आक्का. सोनं काय नासतंय व्हय?”

सोनं नासलं नाही. पावसाळ्यात ताप आला आणि सातव्या दिवशी तक्को गेली.

यंदाचं साल तिचं होतं, आणि गायी चार दिवसांवर आल्या होत्या.

“येक कर,” दिक्को भोपळा खाली ठेवत म्हणाली. “त्या दिशी दोनी डूल तू घाल, आयच्या नावानं. मग काय मोडायचं ते मोड.”

हाब्सातूनं कान पुढं केला. भोक जिऱ्याएवढं. त्यात बारीक तार जाईल, म्हातारीचा डूल कसा जाणार? दिक्कोनं भाचीचा कान दोन बोटांत धरला, सोडला, आणि कुणाला विचारावं तसं हळूच म्हणाली, “मग तिचं साल म्या कुठं ठिवू?”

 दोघी उठून बुकारीकडे गेल्या.

बुकारी कडुनिंबाखाली बकरीच्या कातड्याचा भाता घेऊन बसला होता. ते डूल त्याच्याच बापानं घडवलेले. त्यानं डूल हातावर तोलला, पण सुताला हात लावला नाही. ज्या घरचं सूत, त्या घरच्या बाईनंच सोडायचं, ही त्याच्या बापापासूनची रीत. हाब्सातूनं नखानं गाठ उकरून पाहिली, निघेना. दिक्कोनं डूल आपल्याकडं घेतला आणि तिचं बोट सुतावरच थांबलं.

हम्मा तान्हा असताना आईच्या उजव्या डुलाला लोंबकळला होता. तेव्हा दिक्कोच्या कानाची पाळी अर्धी फाटली, आणि वेडीवाकडी भरून आली. तेव्हापासून दिक्कोचं साल असलं की तक्को आपल्या डुलाला सुताचे तीन थर द्यायची, बहिणीला टोचू नये म्हणून. स्वतःचं साल असलं की ते सगळं सोडून एकच पातळ थर. गुंडाळताना गुणगुणायची:

*बहिणीच्या कानासाठी सूत घेते मऊ मऊ*
*आईच्या सोन्याचा भार दोघी वाटून गं घेऊ*

आता दिक्कोच्या बोटाखाली तीन थर होते. आणि सूत कोरं होतं. ना घामानं विटलेलं, ना केसांना लावलेल्या लोण्याचा डाग.

“ह्ये सूत तुझ्या आयनं कवा गुंडाळलं?”

हाब्सातूनं आठवून सांगितलं. तापाच्या चौथ्या दिवशी. आईनं बाजारातून सूत मागवलं. रीळ बोटांतून सारखं निसटायचं. “म्या म्हनलं, आय, ऱ्हाऊ दे. तर म्हनली, आक्काचा कान दुखरा हाय. मला वाटलं, तापात बरळती.”

बुकारीनं भात्यावरचा हात काढून घेतला. 

दिक्कोनं एकेक वेढा सोडला. सूत गुंडाळून मुठीत धरलं. मग कमरेची गाठ सोडून आपला डावा डूल काढला आणि बुकारीच्या तळहातावर ठेवला.

“दोनी येकाच मुशीत घाल. दोन जोड्या कर, बारक्या. येक हिला, येक मला.”

बुकारीनं तिला एकदा नीट पाहिलं. म्हणाला, “येकदा मिसळलं की कुनाचं कुठलं, ते माझा बाप उठून आला तरी सांगायचा न्हाई.”

“न्हाईच सांगता आलं पायजे.”

हाब्सातू रडवेली झाली. आईनं ते सूत तुझ्यासाठी गुंडाळलं, मावशी, चार दिवस थांबू, तू घाल, मग मोडू, असं विनवू लागली.

“म्या घातलं तर तिचं अजून येक साल खाल्लं म्हनायचं, पोरी. येक खाल्लंय, त्येच घशात अडकलंय.”

भाता फुसफुसू लागला. आधी पिळाची टोकं मऊ झाली, मग डावा उजव्यावर कलला, दमलेली बहीण बहिणीच्या खांद्यावर कलावी तसा. मग डावा-उजवा राहिलाच नाही. दिक्कोनं डोळे मिटले नाहीत. आईनं जे दोन दारी ठेवलं होतं, ते एकत्र आणायला आता बहीण उरली नव्हती, आगीनंच आणलं.

आठ दिवस लागतील, असं बुकारीनं सांगितलं.

चौथ्या दिवशी गायी पाण्यात उतरल्या. शिंगांचं रान तरंगत अलीकडं येत होतं, पोरं आपापल्या गायींची गाणी म्हणत होती, आणि काठावर बायका सोनं लेऊन उभ्या होत्या. दिक्कोचा डावा कान मोकळा होता. उजव्यात तक्कोच्या लाल सुताचा वेढा होता, तीन पदरी.

“का गं दिक्को, यंदा सोनं कुठं ठिवलंस?” एका शेजारणीनं डिवचलं.

“यंदा तक्कोचं साल हाय,” दिक्को म्हणाली.



यंदाही कळपाबरोबर आलेला हम्मा पाण्यातून आईला शोधत होता. ती चमकत नव्हती, म्हणून त्याला जरा वेळ लागला. मग त्यानं हात उंच केला, तिनंही केला.

सुताला वजन ते किती. तरी तिची मान उजवीकडं कलली होती.