फाबियोलाच्या हातचे कपॅसिटर

लेओविहिल्दोच्या दुकानावर पाटी नाही. काली शहराच्या ओब्रेरो वस्तीत ज्याला गाणी वाजवायचा जुना रिसीव्हर दुरुस्त करून घ्यायचा असतो त्याला दुकान ठाऊक असतं, आणि ज्याला ठाऊक नसतं त्याचा रिसीव्हर हातात घ्यायची लेओला फारशी हौस नसते. माणूस सरळ, पण मतांचा पक्का. जो भाग अजून काम करतोय तो निव्वळ वय झालं म्हणून काढायचा नाही, हे त्याचं सगळ्यांत आवडतं मत. स्वतःला सदुसष्ट वर्षं पुरी झाल्यापासून ते मत जास्तच पक्कं झालंय, असं गिऱ्हाइकं त्याच्या तोंडावर म्हणतात.

मंगळवारी सकाळी दोन्या निन्फा, म्हणजे निन्फाबाई, आली. बरोबर हमाल आणि हमालाच्या डोक्यावर तिचा जपानी रिसीव्हर, चंदेरी तोंडाचा, लाकडी पेटीतला. बोटीवर कामाला असलेल्या तिच्या नवऱ्याने तो ब्वेनाव्हेन्तुरा बंदरात उतरवला त्याला पन्नास वर्षं होत आली. नवरा गेला, रिसीव्हर राहिला. दर रविवारी तिच्या अंगणात साठी उलटलेली मंडळी नाचायला जमतात, ती या रिसीव्हरच्या जोरावर.

"घुं घुं करतोय," निन्फा म्हणाली. "गाणं जोरात असलं तर कळत नाही. पण संथ बोलेरो लागला की खाली सारखं घुं. आणि हे घे." तिने पिशवीतून एक पुडकं काढून टेबलावर आदळलं. "मायामीच्या नातवाने पाठवलेत. नवे कपॅसिटर. तो म्हणतो, एवढ्या जुन्या सेटमधले सगळेच्या सगळे बदलायचे असतात."

"नातू काय करतो तुमचा?"

"दातांचा डॉक्टर आहे."

"मग बरोबर आहे. ते लोक सगळेच काढतात."

"लेओ, चेष्टा नंतर कर. रविवारच्या आत मला तो नीट करून पाहिजे."

ती गेल्यावर लेओने कॉफी संपवली, चार स्क्रू सोडवले आणि झाकण उचललं. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं: "फा., नोव्हेंबर १९९९." खाली दोन मोठे फिल्टर कपॅसिटर आणि त्यांच्या बाजूला बारा लहान. प्रत्येकाच्या सोल्डरवर नेलपॉलिशचा लाल ठिपका.

लेओने झाकण परत लावलं. मग पुन्हा उघडलं. मग पांदेबोनो घ्यायला कोपऱ्यावरच्या बेकरीत गेला आणि काहीही न घेता परत आला.

फाबियोला त्याच्या दुकानात बारा वर्षं होती. समोरच्या टेबलावर बसायची. त्याचा हात जाड, तिचा बारीक. जिथे त्याची बोटं शिरत नसत तिथलं काम तिचं. एकेक सोल्डर तपासून झाला की पर्समधली बाटली काढून त्यावर ठिपका द्यायची. उरलेलं नेलपॉलिश नखांना लावायची, त्यामुळे नखं कधीच पूर्ण रंगलेली नसत. दोन हजार सालच्या जानेवारीत ती स्पेनला गेली. त्या वर्षी अर्धी वस्ती स्पेनला गेली होती, त्यात तीही. लेओ विमानतळावर सोडायला गेला, तिची बॅग उचलून दिली, "तिकडे थंडी असते" असं म्हणाला आणि घरी आला. बारा वर्षांत जे बोलायचं होतं ते त्याने त्या तीन शब्दांत कसं काय बसवलं, हे त्याचं त्यालाच माहीत. लग्न केलं नाही. का नाही केलं असं कोणी विचारलं तर कामाचा व्याप सांगतो.

ओब्रेरोतल्या दुरुस्तीवाल्यांची एक रीत आहे. लेओच्या उस्तादाने त्याला ती सोल्डर धरायला शिकवण्याआधी शिकवली होती. सेट दुरुस्त करणाऱ्याने झाकणाच्या आत नाव आणि महिना लिहायचा. पुढे कोणी तो उघडला आणि आधीच्याचं काम काढायची वेळ आली, तर तो माणूस जिवंत असेपर्यंत त्याला विचारायचं. विचारून मग काढायचं. न विचारता दुसऱ्याचं काम उपटणाऱ्याच्या दुकानात उस्ताद कॉफीसुद्धा प्यायचा नाही. आता उस्ताद नाही, गल्लीतली बाकीची दुकानंही गेली, विचारायचं ते कोणाला? बहुतेक झाकणांतली नावं मेलेल्यांची. ही एक जिवंत होती.

तिचा नंबर लेओकडे होता. तिच्या बहिणीने सात वर्षांपूर्वी दिला होता. त्याने तो फोनमध्ये घालून ठेवला आणि त्यावर कधी बोट ठेवलं नाही.

त्या मंगळवारीही ठेवलं नाही. मीटर लावून एक मोठा कपॅसिटर मोजला. आकडा निम्म्यावर आला होता. दुसऱ्याचं डोकं फुगलं होतं, बोट फिरवलं की कळत होतं. शिकाऊ माणसानेही सांगितलं असतं की हे संपलेत. लेओने मीटर बंद केला, बटणांमधली धूळ काढली, आवाजाचा खटका साफ केला, तारा घट्ट केल्या. त्याने घुं थोडं कमी झालं, किंवा लेओला तसं वाटलं. शुक्रवारी निन्फा आली तेव्हा त्याने पुडकं तसंच्या तसं तिच्या हातात ठेवलं.

"बदलायची गरज नाही. आतले चांगले आहेत."

"नक्की?"

"माझ्या दुकानातलं काम आहे ते, दोन्या निन्फा. अजून वीस वर्षं बघायला नको."

चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाशी तो पहिल्यांदा खोटं बोलला होता, आणि तेही तोंड वर करून.

रविवारी त्याला राहवलं नाही, म्हणून तो निन्फाच्या अंगणात गेला. रोज दुपारी चारला सुटणारा वारा डोंगरावरून उतरला होता. पंधरा-वीस जोड्या, बायका इस्त्रीच्या झग्यांत, पुरुष पांढऱ्या बुटांत. जलद ग्वाराचा वाजत होती तोवर सगळं ठीक होतं. मग बोलेरो लागला. गाणारा श्वास घ्यायला थांबला की खालून घुं ऐकू यायचं. लेओ भिंतीला टेकून उभा होता आणि गाण्याऐवजी तेवढंच ऐकत होता. दुसऱ्या कडव्याला डावा स्पीकर खरखरला, कट् असा आवाज झाला आणि दोन्हीकडचा आवाज गेला.

कोणी ओरडलं नाही. जोड्या होत्या तशाच उभ्या राहिल्या. हात न सोडता, गालाला गाल लावून, आता लागेल मग लागेल अशी वाट बघत. ऐंशीचा एक गृहस्थ डोळे मिटून उभा होता. त्याची बायको त्याच्या पाठीवर बोटांनी ताल धरून होती. पाच मिनिटं गेली. मग एकेक करून ते हात सुटत गेले आणि मंडळी खुर्च्यांवर जाऊन बसली. ते बघताना लेओला कानकोंडं झालं.

निन्फा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "वीस वर्षं म्हणालास ना?"

"उद्या पाठवून द्या."

"तू मला फसवलंस का रे लेओ?"

"हो," लेओ म्हणाला. "उद्या पाठवा. पुडकं पण द्या."

निन्फा रिसीव्हरचा प्लग काढायला गेली.

सोमवारी सकाळी दहा वाजता झाकण उघडून लेओ बसला. नवे कपॅसिटर ओळीने मांडले. सोल्डरिंगची कांडी तापून तयार. आता फोन करायचा तर काहीतरी विचारायला हवं, म्हणून त्याने सर्किटचा नकाशा काढला आणि त्यात एक प्रश्न शोधला. नकाशात फिल्टर कपॅसिटर दहा हजार मायक्रोफॅरडचे होते, तिने बारा हजारांचे बसवले होते. का बसवले होते? उत्तर त्याला ठाऊक होतं. तरी प्रश्न कागदावर लिहून घेतला आणि नंबर लावला.

"हॅलो?"

"फाबियोला, मी लेओविहिल्दो. कालीहून."

तिने एकदम विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. सगळे आहेत. म्हणजे बरेच गेले, पण आत्ता कोणी नाही. दोन्या निन्फाचा रिसीव्हर आहे ना, त्याच्यासाठी फोन केला."

मग ती हसली. हसणं तेच होतं, मध्येच नाकातून येणारं.

"पंचवीस वर्षांनी तुझा फोन येतो, आणि तो रिसीव्हरसाठी?"

"झाकणात तुझं नाव आहे. तुला विचारल्याशिवाय काढू कसं? तू दहाच्या जागी बारा हजारांचे का बसवले होतेस?"

"दहाचे मिळाले नाहीत म्हणून. आणि बारा हजारांचे आणले कोणी? तूच. भर उन्हात सायकलवर गेला होतास आणि माझ्यासाठी प्यायला थंडगार लुलादा आणलास तो अर्धा रस्त्यात सांडवलास."

लेओने कागद उलटा ठेवला.

"मीटर काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"एक निम्म्यावर आलाय."

"आणि दुसरा?"

"फुगलाय."

"मग विचारतोस काय? काढ ते. घर जाळशील म्हातारीचं."

"काढतो."

"मग काढ की."

लेओने कांडी उचलली आणि परत ठेवली. कांडीच्या टोकाशी धूर येत होता. ती त्याचं नाव घेऊन दोनदा थांबली, आणि मग तिने तोच जुना प्रश्न केला, जो ती पूर्वी समोरच्या टेबलावरून करायची: "लेओ, अडलंय कुठे?"

"ते काढले की तुझ्या हातचं इथे काही राहत नाही," तो म्हणाला. "बाकीचे सगळे सेट भंगारात गेले. मी बघत होतो, एकेक जाताना. हा शेवटचा आहे. शुक्रवारी मी निन्फाशी खोटं बोललो, चांगले आहेत म्हणून. माझ्याच्याने काढवत नाहीत."

सांगून टाकल्यावर त्याचे कान गरम झाले.

फाबियोला म्हणाली, "मी एक सांगू? ते बसवले तेव्हा माझं तिकीट निघालं होतं. मी मनात धरलं, हे आठ वर्षं टिकतील, फार तर दहा. मग तू झाकण उघडशील, आणि तुझ्या उस्तादाच्या रीतीने तुला मला विचारावंच लागेल. एरवी तू काही आपण होऊन फोन करणारा नाहीस, हे मला ठाऊक होतं. आठ वर्षं झाली, दहा झाली. मी इथे लग्न केलं, ते मोडलं, मुलगी मोठी झाली. म्हटलं, एक तर सेट फुटला असेल, नाहीतर तू रीत मोडली असशील."

"रीत नाही मोडली. सेट बिघडलाच नाही."

"तेच तर. जरा कमी मन लावून करायला हवं होतं."

दोघंही हसली नाहीत. तिकडे रस्त्यावरून एखादी गाडी गेली असावी, तिचा आवाज येऊन गेला.

"आता काढ," ती म्हणाली. "आणि नवे नीट लाव. माझ्यासाठी म्हणून कच्चं ठेवू नकोस. त्या लोकांच्या नाचायला आता किती रविवार उरलेत?"

लेओने संध्याकाळपर्यंत एकेक कपॅसिटर काढला. तिचे सोल्डर सुटायला त्रास देत होते, इतके ते भरीव होते. नवे बसवले, मोजले, सेट चालू केला. आवाज वाढवत शेवटपर्यंत नेला. स्पीकरला कान लावला तरी खाली काही नाही. घुं पार गेलं होतं. त्याने झाकणात तिच्या नावाखाली आपलं नाव आणि महिना लिहिला.

बुधवारी निन्फा आली. काढलेले जुने भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे, हा शिरस्ता. म्हणजे बदलले याची खात्री पटते. तिने त्यांचा डबा उघडून बघितला.

"मोठे दोन होते ना? एकच आहे."

लेओने खिशातून दुसरा काढून डब्यात टाकला.

"घरी घेऊन जाणार होतास?"

"नाही हो. चुकून राहिला."

निन्फाने डबा बंद केला. रिसीव्हर हमालाच्या डोक्यावर चढला आणि गल्लीच्या टोकाला वळला. दुकानात आता फाबियोलाच्या हातचं खरंच काही नव्हतं. लेओने टेबल पुसलं, नसलेली धूळ पण पुसली. फळीवरचे सगळे सेट एकदा उघडून बघितले, एखाद्या झाकणात "फा." सापडते का म्हणून. नाही सापडली. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. गुरुवार गेला. शुक्रवारी सकाळी त्याने कांडी तापवली नाही, नकाशा काढला नाही, कागदावर प्रश्नही लिहिला नाही. नुसता नंबर लावला.

"काय झालं?" फाबियोलाने विचारलं. "परत घुं करतोय?"

"नाही. छान वाजतोय."

"मग? दुसरा कुठला सेट आलाय?"

"कुठलाच नाही."

"मग बिघडलंय काय, लेओ?"

"काही नाही बिघडलं," तो म्हणाला. "सहजच केला."

फोन कट झाला की काय असं लेओला वाटलं आणि त्याने तो कानावर आणखी घट्ट धरला.

"थांब," ती म्हणाली. "गॅस बंद करून येते."