चार पट्ट्यांचं स्टूल

साचेमास्तरांच्या बायकोचं एक ठरलेलं गाऱ्हाणं होतं आणि ते रोज नव्या वस्तूवर निघायचं. साबण नुसता ओला हात लागला की विरघळतो, बादलीची कडी दोन महिन्यांत हातात येते, झाडूने घर झाडावं की झाडूचाच गळलेला कचरा झाडावा तेच कळत नाही. पूर्वीच्या वस्तूंना जीव असायचा, असं म्हणून ती नवऱ्याकडे बघायची आणि पुढे जोडायची, ही बादली तुमच्याच प्लास्टिकच्या कारखान्याची असणार. मास्तर पेपरमागे हसायचे. हसायला त्यांचं काय जात होतं?

आता ती नव्हती. आठ महिन्यांपूर्वी माळ्यावरचा डबा काढायला ती प्लास्टिकच्या स्टुलावर चढली, स्टूल मधोमध तडकलं आणि ओट्याच्या कडेवर डोकं आपटून ती गेली.

तेव्हापासून मास्तर दुपारी बाहेरच्या खोलीत आडवे झाले की आत स्टूल सरकवल्याचा आवाज येई. मग चढताना ती घ्यायची तसा एक लांब श्वास. मग काही नाही. पडल्याचा आवाज कधीच येत नसे, आणि त्या न येणाऱ्या आवाजाची वाट बघत मास्तर घामाने भिजून जात. उठून आत जावं तर स्वयंपाकघर रिकामं. मास्तर भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतले नव्हते. पण एखादं माणूस रोज वर चढतं आणि खाली म्हणून उतरत नाही, याला दुसरं काय म्हणायचं, ते त्यांना सुचत नव्हतं.

ते स्टूल मुलीने आणलेलं. घरातलं जुनं दणकट स्टूल रंग उडाला म्हणून तिने वॉचमनला देऊन टाकलं आणि हौसेने नवं निळं घेऊन आली. एवढाच काय तो तिचा गुन्हा, पण तिने तो उराशी धरला. ठरलेलं लग्न लांबणीवर टाकलं, अन्नावरची वासना उडाली. दर रविवारी नोकरीच्या गावाहून यायची, बापासमोर बसायची, स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही. मी ते आणलंच नसतं तर, एवढं म्हणून रडू लागायची. मास्तर समजूत घालायचे, व्हायचं ते होतं, मनाला लावून घेऊ नये.

खरं काय ते मास्तरांना ठाऊक होतं. स्टुलाच्या पोटाखाली पट्ट्या असतात. माणसाचं ओझं त्याच पेलतात. मास्तरांनी उमेदीत केलेला पहिला साचा आठ पट्ट्यांचा होता. पुढे वरून हुकूम आला, प्लास्टिक कमी करा. पट्टी काढायची म्हणजे साच्यातली तिची खाच धातूने बुजवायची आणि घासून गुळगुळीत करायची, आणि त्या कामात मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. आठाच्या सहा केल्या, सहाच्या चार.

कारखान्याची जुनी रीत अशी, की नव्या साच्यातलं पहिलं स्टूल गच्चीवर अख्खा उन्हाळा ठेवायचं आणि ऊन खाऊन कडक झालं की साचा करणाऱ्यानेच त्यावर उभं राहायचं. चार पट्ट्यांच्या वेळी उन्हाळ्यापर्यंत थांबायला कुणाला सवड नव्हती. यंत्रातून नुकतंच निघालेलं, अजून कोमट असलेलं स्टूल मास्तरांनी जमिनीवर ठेवलं आणि त्यावर चढून दोन उड्या मारल्या. कोमट प्लास्टिक लवतं, तुटत नाही. हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मास्तर खाली उतरले.

साचा करणारे आपली एखादी खूण आत सोडतात. मास्तरांची खूण म्हणजे पट्टीच्या टोकाशी राईएवढा ठिपका. त्या दिवशी दवाखान्यातून ते एकटेच घरी आले, तुकडे गोळा करायला वाकले, तेव्हा तो ठिपका त्यांच्या अंगठ्याला लागला. तुकडे त्यांनी पोत्यात बांधले आणि पलंगाखाली सारले.

मुलीला सांगून टाकायचं, असं ते दर शनिवारी ठरवत. रविवारी ती दारात दिसली की जीभ रेटेना. तिच्याशिवाय त्यांना आता होतं तरी कोण? ती तोंड फिरवील या भीतीने त्यांनी आपलं पाप पोरीच्या डोक्यावर राहू दिलं. बापाने असं करावं का, तर करू नये. पण यांनी केलं.

त्या रविवारी ती आली ती शांत होती. लग्न मोडून आले, म्हणाली.

"माझ्या हातून संसार व्हायचा नाही, बाबा. मी आणलेल्या वस्तूने माणूस मरतं."

मास्तर काही बोलणार, तोच आत स्टूल सरकलं. मुलगी समोर बसलेली असताना. पाठोपाठ तो लांब श्वास आला. मास्तर ताडकन उठले आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, "उतर खाली. त्याला चारच पट्ट्या आहेत, उतर."

मुलीने आत बघितलं, मग त्यांच्याकडे. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"कसल्या पट्ट्या, बाबा?"

मास्तर पलंगाशी गेले. ते खालीच बसले, पलंगाखालून पोतं ओढलं आणि तुकडे फरशीवर जुळवून सगळं सांगितलं. बुजवलेल्या खाचा, गच्चीवर न काढलेला उन्हाळा, त्या दोन उड्या. ठिपक्यावर तिचं बोट नेऊन ठेवलं. तिचा काही दोष नाही, कधीच नव्हता, हे तीनतीनदा म्हणाले. आता ती ओरडेल, आपल्याला नाही नाही ते बोलेल, असं त्यांना वाटत होतं, आणि तिने बोलावं अशी त्यांची इच्छाही होती.

तिने बोटाने तो ठिपका चाचपला. मग हळू आवाजात म्हणाली, "स्टुलाचं मी समजू शकते. नोकरी होती, सांगितलं ते केलंत." तिने बोट काढून घेतलं. "पण आठ महिने मी इथे बसून रडत होते, आणि तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात."

मास्तर हो म्हणाले. तिने चपला घातल्या, आणि त्यांनी तिला अडवलं नाही.