डाळिंबाच्या चित्राची डबी

बेबीनंदाला राग येतो, हे पिंपळगाव रेणुकाईत कुणाला माहीतच नव्हतं. रोज पहाटे पंचशील म्हणायची आणि म्हटलेलं दिवसभर पाळायची, अशी ती बाई. मिरचीच्या शेडमध्ये देठं खुडताना बायका मुकादमाचा उद्धार करायच्या, तेव्हाही ही खाली मान घालून खुडत राहायची. बोलायची ती इतकी हळू, की बाजूची म्हणायची, "बेबे, आवाज काय घरी ठिवून आलीस का?"

म्हणून त्या दिवशी ख्वाजामियाँच्या घरातून बाहेर पडताना तिचे कान तापले होते ते रागानं, हे तिचं तिलाही आधी कळलं नाही. तिला वाटलं, उन्हाचं होतंय.

ख्वाजामियाँची बायको शकीला म्हणजे तिची वीस वर्षांची शेजारीण. मधे फक्त एक कुडाची भिंत. चार दिवसांपूर्वी शकीला मोरीपाशी कोसळली आणि तिला जालन्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. ती परत आली तेव्हा उजव्या पायाला पट्टी होती. अंगठ्याला साधी खरचटल्याची जखम झालेली, ती आतून काळी पडत गेली होती. पंधरा दिवस पाहू, नाहीतर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"शुगरच्या गोळ्या चालू होत्या ना?" बेबीनंदानं उशाशी बसत विचारलं.

शकीलानं भिंतीकडं तोंड फिरवलं. उत्तर दिलं ते ख्वाजामियाँनी. "गोळ्या महिना झाला बंद करून. तुमचा सूरज विकतो ती डबी आणली ना. तुमीच तं सांगितलं, भाभी."

"मी?"

"आता 'मी?' म्हणता." ख्वाजामियाँनी मोबाइल काढला. आवाज चढवला नाही, नुसता फोन तिच्या हातात दिला.

फोनमध्ये तिचंच अंगण होतं. पांढऱ्या लुगड्यात ती स्वतः ओट्यावर बसलेली. बाजूला कडक इस्त्रीचा एक माणूस, त्याच्या हातात डाळिंबाचं चित्र असलेली डबी. माणूस विचारत होता, "काकू, आठ महिन्यांमागं तुम्हाला चालवत नव्हतं. आज तुम्ही दिवसभर काम करता. ही या अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची कमाल ना? आता दुसऱ्या कशाची गरज राहिली नाही ना?" आणि फोनमधली बेबीनंदा हसली, दोन्ही हात जोडले, मान हलवली. खाली अक्षरं सरकत गेली : कधीही खोटं न बोलणाऱ्या बेबीनंदाताईंचा अनुभव.

"दुसरं कुणी म्हणलं असतं तं हिनं बिलकुल ऐकलं नसतं," ख्वाजामियाँ म्हणाले. "म्हणली, बेबी खोटं बोलत न्हाई."

भिंतीकडं तोंड करूनच शकीला म्हणाली, "जाऊ दे तिला. मला झोपायचंय."

बेबीनंदा घरी आली आणि चुलीपुढं बसून राहिली. तिला तो दिवस आठवला. आषाढातली पौर्णिमा. पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास त्याच दिवशी सुरू झाला होता. पौर्णिमेला ती विहारात जाऊन अष्टशील घ्यायची, बारानंतर जेवायची नाही आणि संध्याकाळची वंदना होईपर्यंत मौन पाळायची. नवरा संपत वारला, त्यानंतर ती दहा दिवसांच्या शिबिराला गेली होती, तिथून हे मौन तिनं घरी आणलं होतं. त्या दिवशी सूरज, तिचा एकुलता एक मुलगा, त्या माणसाला घेऊन आला. "आई, हे राजानंद सर. माझे वरचे." दारी पाहुणा आलेला, तोंड उघडायचं नाही. मग तिनं काय करावं? हसली, हात जोडले, बसा म्हणून मान हलवली. सर काय विचारून राह्यलेत याकडं तिचं नीट लक्षही नव्हतं. मोबाइल समोर धरलाय, हेही तिला दिसलं नव्हतं.

डबी सरांनी तिथंच ठेवली होती. ती अजून धान्याच्या कोठीवर होती. तिचं सीलसुद्धा फुटलेलं नव्हतं.

आणि गेल्या वर्षी तिला खरंच चालवत नव्हतं. शेडमध्ये दुपार झाली की भिंतीला टेकायची. उपकेंद्रातल्या भावना सिस्टरनं रक्त तपासलं, रक्त कमी म्हणून लाल गोळ्या दिल्या आणि विचारलं, "ताई, ताटात काय असतं?" भात, बटाटा, पिवळं वरण. सिस्टर म्हणाली, "सगळं फिक्कं. विळा ओला पडून राहिला की गंजतो ना, तसं अंगातबी आतून झिजणं चालूच असतं. भाज्या-फळांच्या रंगात त्याला आडवं येणारं असतं, त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतेत. विकत आणायची गरज न्हाई, तुमच्या बांधावर हाय." मग दारातून परत बोलावून तिनं आणखी एक सांगितलं होतं, "पण ज्याची गोळी चालू हाय त्याची चालूच. भाजी गोळीच्या जोडीला खायची, गोळीच्या जागी न्हाई."

बेबीनंदानं ते व्रतासारखं धरलं. ताटात तीन रंग दिसल्याशिवाय घास उचलायचा नाही. अंबाडी उकडून, पिळून ते हिरवं पाणी मोरीत ओतायची तिच्या आईपासूनची रीत. ती बंद केली. आता त्याच पाण्यात ज्वारीच्या कण्या शिजायच्या. भाजी आंबटढाण व्हायची, सूरज तोंड वेडंवाकडं करायचा. कांद्याच्या वरच्या दोन जाड पाकळ्या ती फेकून द्यायची, त्या आता तव्यावर पडू लागल्या. शेवग्याचा पाला तुरीच्या डाळीत. लाल माठ, कारळाची चटणी, हंगामात जांभळं, हिवाळ्यात आवळा. मोसंबीचा रस काढणं सोडलं. पांढऱ्या सालीसकट फोडी खायची. आठ महिन्यांत भिंतीला टेकणं बंद झालं.

हे सगळं शकीलाला ठाऊक होतं. अंबाडीची वाटी कुडावरून तिकडं जायची, तिकडून बीट-गाजराची कोशिंबीर इकडं यायची. पण फोनमध्ये बेबी डबीपुढं हात जोडून बसलेली दिसली, आणि शकीलाला वाटलं, खरी गोष्ट ही हाय. बेबी भाजीचं नाव सांगती आणि डबी लपवून ठिवती. म्हणून शकीला बोलत नव्हती. तिला दोनदा फसवल्यासारखं वाटत होतं, एकदा डबी लपवून आणि एकदा त्याच डबीनं.

सूरज दिवेलागणीला आला. बेबीनंदानं पाण्याचा तांब्या दिला नाही, एवढ्यावरूनच त्याला कळलं.

"तो व्हिडिओ काढून टाक," ती म्हणाली.

"कोणता?"

"सूरज."

तो खाटेवर बसला. "आई, तू त्याच्यात एक शब्द तरी बोललीस का? न्हाई ना? मंग खोटं कसं होईल? तुझं शील बराबर जागच्या जागी हाय."

इतकी वर्षं ज्याला तिनं मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, म्हणजे काय ते मांडीवर बसवून सांगितलं, तो तेच शील एखाद्या कागदासारखं उलटसुलट करून तिला दाखवत होता.

"शकीलाचा अंगठा जायची पाळी आली," ती म्हणाली.

"आम्ही गोळ्या बंद करा म्हणलो न्हाई."

"'दुसऱ्या कशाची गरज न्हाई ना' असं कोण म्हणलं मंग? त्याच्यावर मी मान हलवली."

"आता लोकं काय ऐकतेत ते त्यांच्यावर हाय." सूरज फोनमध्ये पाहू लागला. "आणि तुझ्या अंबाडीत जे हाय तेच डबीत हाय. अंबाडीचं सांगितलं तं लोकं हसतेत, डबीचं ऐकतेत. मी काय करू? बरं, ते जाऊ दे. शेडमध्ये मीटिंग ठिवली. सर येऊन राह्यले. तुला नुसतं बसायचंय."

"कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

"दिवस कोणता, सूरज?"

तो फोनमध्येच पाहत राहिला. त्याला सांगावं लागलंच नाही. पुढच्या आठवड्यात भाद्रपदातली पौर्णिमा होती. पहिल्या वेळी चुकून झालं असेल, असं ती दुपारपासून मनाला समजावत होती. आता चूक उरली नव्हती. बाई बोलत नाही तो दिवस पाहून तिच्या पोरानं तिला ओट्यावरून उचलून मंचावर ठेवायचं ठरवलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "येईन."

सूरजला बरं वाटलं. आईच्या त्या 'बरं'मध्ये काय होतं, हे ऐकायची सवयच त्याला नव्हती.

पौर्णिमेला ती नेहमीसारखी विहारात गेली. अष्टशील घेतलं. चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शिलाशी ती एक शब्द मागं राहिली, तेव्हा बाजूच्या द्वारकाबाईंनी वळून पाहिलं. तिच्या मनात एकच घोळत होतं. मौन माझं मी घेतलेलं, मोडलं तर माझं मोडेल. पण त्या मौनात कुणी लबाडी भरून विकत असेल, तर ते मौन कुणाचं राहिलं?

दहा वाजता शेड भरली. मिरचीच्या उग्र खाटानं येणारा प्रत्येक जण दोनदा शिंकत होता. समोर टेबल, त्यावर डब्यांचा मनोरा. पांढऱ्या लुगड्यातली बेबीनंदा खुर्चीवर, मांडीवर कापडी पिशवी. राजानंद सर माइकवर गोड बोलत होते. "काकूंचं आज मौन आहे. आपण त्याचा आदर करू. पण चेहरा खोटं बोलत नसतो." मग तिच्याकडं वाकून त्यांनी विचारलं, "काकू, फरक पडला ना?"

"पडला," बेबीनंदा म्हणाली.

शेडमधली कुजबुज थांबली. माइक तिच्यापुढं नव्हता, पण पौर्णिमेला बेबीनंदा बोलली, एवढ्यानंच सगळे गप्प झाले होते. सूरज कडेला उभा होता, तो दोन पावलं पुढं आला.

"पडला, पण याच्यानं न्हाई." तिनं पिशवीतून डबी काढली. "ही माझ्या घरची. सील पाहून घ्या, द्वारकाबाई. फुटलंय का?"

द्वारकाबाईंनी डबी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली. "न्हाई बाई. जशीच्या तशी हाय."

"मी अंबाडी खाल्ली. माठ खाल्ला, शेवगा खाल्ला. सिस्टरनं दिलेल्या लाल गोळ्याबी खाल्ल्या. शकीला महिनाभर शुगरची गोळी सोडून ही डबी खात राह्यली, माझं तोंड पाहून. आता तिच्या पायाला पट्टी हाय. त्या दिवशी मी हात जोडले ते पाहुण्याला जोडले. डबीला न्हाई."

"काकूंचा थोडा गैरसमज झाला," सर हसत म्हणाले. "वय झालं की—"

"वय झालं म्हणूनच म्हणते, थांबा जरा." तिचा आवाज तेवढाच हळू होता, पण त्याला धार होती. "तुमी माझ्या दारात पाणी पिलात. माझं तोंड बंद हाय, हे पाहून तुमी त्याच्यात तुमचे शब्द घातले. असं चोरबी करत न्हाई. चोराला निदान लाज असती, तो अंधारात येतो."

मागून कुणीतरी हसलं. एक बाई उठली आणि हातातली डबी टेबलावर ठेवून चालू लागली. तिच्यामागं आणखी दोघी. सगळेच उठले असं नाही, पुढच्या रांगेतला एक म्हातारा शेवटपर्यंत विचारत राहिला, "मंग गुडघ्याला चालती का न्हाई ही?" सरांनी माइक बंद केला.

बेबीनंदा तिथून थेट शकीलाच्या घरी आली. बारा वाजून गेले होते. म्हणजे आता उद्या सकाळपर्यंत अन्न नाही, आणि सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. दारातच तिला मागून सूरजनं गाठलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"झालं समाधान? सर म्हणले, उद्यापासून येऊ नको. सगळ्या गावापुढं पोराला नागवं केलंस."

"व्हिडिओ?"

"काढला. सगळीकडून काढला. आता तरी—"

"ज्यानं पाह्यला त्याच्या मनातून काढला का?"

आत शकीला उठून बसली होती. शेडमधली बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. उशाशी गोळ्यांचं पाकीट होतं, फोडलेलं. ती बेबीनंदाकडं पाहत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत माफी वगैरे काही नव्हतं.

"बेबी, मी तुझ्यावर चिडलेली हाय," ती म्हणाली. "मला येऊन विचारायचं कळलं न्हाई, तं माझ्यावरबी चिडलेली हाय. पाय बरा होईस्तोवर चिडूनच राहीन. सांगून ठिवते."

"राहा," बेबीनंदा म्हणाली. "मीबी चिडलेलीच हाय."

मग ती सूरजकडं वळली. "तू ज्या ज्या घरी डबी दिली, त्या त्या घरी आज जायचं. मी संगं येते. बंद केलेल्या गोळ्या आजपासून चालू करा, डबीनं काही बरं होत न्हाई, आन् माझ्या आईचं मौन मी विकलं, हे सांगायचं. पहिलं घर हेच."

"मी सांगू?" सूरज म्हणाला. "तूच सांग ना. तुझं ऐकतेत लोकं."

बेबीनंदानं पदर डोक्यावरून घेतला, ओठ मिटले आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. संध्याकाळच्या वंदनेला अजून पुष्कळ वेळ होता. तिचं मौन पुन्हा सुरू झालं होतं.

ख्वाजामियाँनी आतून एक खुर्ची आणली, सूरजपुढं ठेवली. तो बसला नाही. शकीला वाट पाहत होती. आई वाट पाहत होती. कुडाच्या फटीतून बेबीनंदाच्या चुलीवरच्या, कुणी न खाल्लेल्या अंबाडीचा आंबट वास येत होता.

"चाची," अखेर तो खाली पाहत म्हणाला, "आई त्या दिवशी काहीच बोलली नव्हती."

बेबीनंदा हलली नाही. पुढचं वाक्य अजून बाकी होतं.